फॅसिस्ट राजवटी कशा पसरल्या: रोमपासून गोव्यापर्यंत

‘फॅसिस्ट’ हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. सोसायटीचा सेक्रेटरी मनमानी करतो, तो फॅसिस्ट. कॉलेजचा प्राचार्य मोर्चाला परवानगी देत नाही, तोही फॅसिस्ट. शब्द असा स्वस्त झाला की खरी गोष्ट समोर आली तरी ती ओळखू येत नाही. मरोळ आणि अंधेरी पूर्वेच्या वस्त्यांमधल्या युवक-युवतींबरोबर काम करताना आम्हाला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. फॅसिझम म्हणजे नेमके काय? आणि युरोपातल्या त्या इतिहासाशी आपला काय संबंध? अभ्यासवर्गात उपयोगी पडावी अशी या प्रश्नांची मांडणी आम्ही येथे करत आहोत.

शब्द आणि अर्थ

इटालियन भाषेत ‘फॅशो’ म्हणजे मोळी. प्राचीन रोममध्ये अधिकाऱ्यांपुढे काठ्यांची मोळी आणि तिच्यात खोवलेली कुऱ्हाड घेऊन सेवक चालत. ते सत्तेचे चिन्ह होते. बेनितो मुसोलिनीने मार्च १९१९ मध्ये मिलान शहरात आपली संघटना काढली, तेव्हा हेच नाव घेतले.

प्रत्येक हुकूमशाही फॅसिस्ट नसते. राजा असतो, लष्करशहा असतो. त्यांना लोक घरात गप्प बसलेले चालतात. फॅसिझमला लोक रस्त्यावर हवे असतात, पण एका रांगेत आणि एकाच घोषणेखाली. त्याची ठळक लक्षणे अशी सांगता येतील: राष्ट्र किंवा वंश अपमानित झाला आहे अशी सततची ओरड, त्या अपमानाला जबाबदार ठरवलेला देशातलाच एक समाज, चुकू न शकणारा एक नेता, गणवेशधारी टोळ्या, कामगार संघटना आणि विरोधी पक्ष यांचा नायनाट, आणि हे सगळे निवडणूक, संसद व कायदा यांचाच जिना वापरून. यातले एखादे लक्षण कुठेही सापडेल. सगळी एकत्र आली की त्याला फॅसिझम म्हणायचे.

इटली: अल्पमतातून सत्तेकडे

पहिल्या महायुद्धानंतर इटलीत बेकारी आणि महागाई होती. उत्तरेत पो नदीच्या खोऱ्यातले शेतमजूर संघटित होऊन मजुरी वाढवून मागत होते, शहरांत कामगार कारखाने ताब्यात घेत होते. १९२० पासून मुसोलिनीच्या काळ्या शर्टवाल्या टोळ्या रात्री ट्रकमधून येत आणि शेतमजूर संघटनांची कार्यालये, कामगारांची सभागृहे, समाजवादी वृत्तपत्रांचे छापखाने जाळत. जमीनदार पैसा पुरवत, पोलीस दुसरीकडे बघत.

१९२१ च्या निवडणुकीत फॅसिस्टांना ५३५ पैकी फक्त ३५ जागा मिळाल्या. तरी ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी रोमवर चाल करून जाण्याची धमकी दिली आणि राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने लष्कर वापरण्याऐवजी मुसोलिनीलाच पंतप्रधान केले. जुन्या पुढाऱ्यांना वाटले, याला हाताशी धरून डाव्यांना संपवू आणि मग याला आवरू. तसे झाले नाही. १९२३ मध्ये निवडणुकीचा कायदा बदलला: किमान २५ टक्के मते घेऊन जो पक्ष पहिला येईल, त्याला दोन तृतीयांश जागा. जून १९२४ मध्ये निवडणुकीतली दडपशाही संसदेत उघड करणारे समाजवादी खासदार जियाकोमो मात्तेओत्ती यांचे अपहरण करून खून करण्यात आला. विरोधी खासदार सभागृह सोडून गेले. मुसोलिनी डगमगला, पण पडला नाही. १९२६ अखेर बाकी सर्व पक्ष बेकायदा ठरले होते. ‘रोमवर चाल’ ते एकपक्षीय राज्य, एवढ्याला सुमारे चार वर्षे लागली.

जर्मनी: चार वर्षांचे काम सहा महिन्यांत

नाझी पक्षाला १९२८ साली जर्मनीत जेमतेम २.६ टक्के मते होती. १९२९ ची जागतिक मंदी आली, बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात गेली आणि जुलै १९३२ मध्ये हीच मते ३७.३ टक्के झाली. पण पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींची मते घसरून ३३.१ टक्क्यांवर आली. त्याच निवडणुकीत समाजवादी लोकशाहीवादी आणि कम्युनिस्ट या दोन कामगार पक्षांची मते मिळून ३७ टक्क्यांहून अधिक होती आणि एकत्रित जागाही नाझींपेक्षा जास्त होत्या. मात्र हे दोन पक्ष एकमेकांनाच मुख्य शत्रू मानत होते.

३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमले. २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी नागरी हक्क स्थगित झाले. मार्चमध्ये दाखाऊची छळछावणी उघडली. तिथले पहिले कैदी राजकीय विरोधक होते. २३ मार्चला संसदेनेच कायदे करण्याचा अधिकार सरकारला देऊन टाकला. २ मे रोजी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली गेली. १४ जुलैला नाझी सोडून दुसरा पक्ष काढणे गुन्हा ठरले. सहा महिन्यांत सगळे संपले.

१९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले आणि ज्यू व ‘जर्मन रक्ताचे’ यांच्यातील विवाहाला बंदी केली. आपल्या वाचकांनी येथे थांबून विचार करावा. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात जातिव्यवस्थेचे मूळ जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात दाखवले होते. रक्त शुद्ध ठेवायचे म्हणून लग्नावर पहारा ठेवायचा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. युरोपात तिला आधुनिक राज्ययंत्रणा, पोलीस आणि रेल्वे मिळाली. त्याचा शेवट सुमारे साठ लाख ज्यूंच्या हत्येत झाला. रोमा समाज, अपंग आणि राजकीय कैदीही मोठ्या संख्येने मारले गेले.

कुठे पसरला, कुठे अडला

ऑस्ट्रियात चॅन्सेलर डॉलफुस यांनी मार्च १९३३ मध्ये संसद बंद पाडली आणि पुढच्या वर्षी व्हिएन्नातल्या कामगार वसाहतींवर तोफा डागल्या. स्पेनमध्ये जुलै १९३६ मध्ये लष्करी बंड झाले. हिटलर आणि मुसोलिनी यांनी विमाने व सैन्य पाठवले. एप्रिल १९३९ मध्ये जनरल फ्रँको जिंकला आणि १९७५ मध्ये मरेपर्यंत सत्तेवर राहिला. ग्रीस, हंगेरी, रुमानिया, क्रोएशिया येथे कुठे लष्करशाही, कुठे उघड फॅसिस्ट टोळ्यांचे राज्य आले. या राजवटी एकमेकींकडून शिकत होत्या: सलामी, शर्टाचा रंग, युवक संघटना, सेन्सॉरची पद्धत.

पण फॅसिझम सगळीकडे जिंकला नाही. ब्रिटनमध्ये ऑस्वाल्ड मोस्लेने १९३२ साली फॅसिस्ट पक्ष काढला. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी त्याच्या काळ्या शर्टवाल्यांना पूर्व लंडनमधून मिरवणूक काढायची होती. ज्यू रहिवासी, आयरिश गोदी कामगार, कम्युनिस्ट आणि सामान्य शेजारीपाजारी यांनी केबल स्ट्रीटवर अडथळे उभारले आणि मिरवणूक परतली. फ्रान्समध्ये ६ फेब्रुवारी १९३४ रोजी उजव्या संघटनांनी संसदेवर चाल केली. त्या धक्क्याने समाजवादी, कम्युनिस्ट आणि रॅडिकल पक्ष एकत्र आले आणि १९३६ ची निवडणूक त्यांनी जिंकली. मंदी फ्रान्समध्येही होती, बेकारी ब्रिटनमध्येही होती. फरक पडला तो विरोधक एकत्र येण्याने आणि सत्ताधारी वर्गाने फॅसिस्टांना दार न उघडण्याने.

मराठी मुलुखात पडसाद

हे वारे महाराष्ट्रात पोहोचायला वेळ लागला नाही. द. वि. ताम्हणकर यांचे मुसोलिनी आणि फॅसिझमवरचे मराठी पुस्तक १९२७ सालीच आले होते. नागपूरचे हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे गोलमेज परिषदेहून परतताना मार्च १९३१ मध्ये इटलीत थांबले. तिथल्या लष्करी शाळा आणि ‘बालिला’ ही मुलांची फॅसिस्ट संघटना त्यांनी पाहिली, १९ मार्चला मुसोलिनीची भेट घेतली आणि आपल्या रोजनिशीत या सगळ्याची प्रशंसा केली. पुढे १९३७ साली त्यांच्या पुढाकाराने नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. हा इतिहास इटालियन संशोधक मार्झिया कासोलारी यांनी कागदपत्रांच्या आधारे मांडला आहे.

त्याच नागपुरातून उलटी वाट धरणारा माणूसही निघाला. गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सुरुवातीचे सरकार्यवाह. पत्रकारितेच्या शिक्षणासाठी ते लंडनला गेले, तिथे त्यांचे विचार बदलले आणि ते ‘जॉन स्मिथ’ या नावाने स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढायला आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले. १९३८ मध्ये ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले, काही महिने कैदेत राहिले आणि सुटून भारतात परतले. पुढे ते कम्युनिस्ट झाले. याच १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. माणूस कुठल्या घरात वा संघटनेत वाढला यावरून त्याची शेवटची बाजू ठरत नाही, हे हुद्दारांकडून शिकावे.

शेजारचा गोवा

शाळेच्या पुस्तकांत फॅसिझम १९४५ ला संपतो. मराठी माणसासाठी तो बांद्याच्या पलीकडे आणखी सोळा वर्षे चालू होता.

पोर्तुगालमध्ये २८ मे १९२६ रोजी लष्कराने प्रजासत्ताक उलथवले. कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक आंतोनियु सालाझार १९२८ मध्ये अर्थमंत्री आणि १९३२ मध्ये पंतप्रधान झाले. १९३३ मध्ये त्यांनी ‘नव्या राज्या’ची घटना सार्वमताने मंजूर करून घेतली. त्या सार्वमतात जे मतदानाला आलेच नाहीत, त्यांची मतेही होकारात धरली गेली. एकच अधिकृत पक्ष, संपाला बंदी, गुप्त पोलीस, युवक संघटना आणि हिरव्या शर्टांचे ‘पोर्तुगीज लीजन’ हे सारे आले. राजकीय कैद्यांसाठी १९३६ मध्ये केप व्हर्दे बेटांवर ताराफाल ही छावणी उघडली.

सालाझार यांना फॅसिस्ट म्हणावे की नाही, यावर इतिहासकारांत वाद आहे. त्यांनी जनतेला रस्त्यावर आणण्यापेक्षा घरात झोपवले आणि स्वतःपेक्षा जहाल असलेल्या निळ्या शर्टवाल्यांवर १९३४ मध्ये बंदीही घातली. वर सांगितलेली सगळी लक्षणे तिथे सारख्या प्रमाणात नव्हती, हे मान्य करायला हवे. पण गोव्यातल्या ज्या माणसाला लग्नाची पत्रिका छापण्याआधी सेन्सॉरकडे न्यावी लागत होती, त्याला हा वाद फारसा उपयोगी नव्हता.

१९३० च्या वसाहत कायद्याने गोव्यासह सर्व वसाहती लिस्बनच्या कडक ताब्यात आणल्या. त्याचा मसुदा आला तेव्हाच लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात ठराव मांडून स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला होता. त्यानंतर वृत्तपत्रे, सभा, संघटना यांच्यावर कुलूप पडले. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्यासह मडगावला बंदी मोडून सभा घेतली. त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबले. पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांनाही हद्दपार करून तिकडेच नेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये डॉ. पुंडलिक गायतोंडे यांना अटक करून पोर्तुगालला पाठवले. त्यांचा गुन्हा एवढाच की एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगाल असे कुणी म्हणाले, त्याला त्यांनी निषेध नोंदवला.

१९५५ मध्ये महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या निघाल्या. सेनापती बापट, नानासाहेब गोरे, मधु लिमये त्यात होते. गोरे आणि लिमये यांनी दीड वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या. वीसहून अधिक माणसे मेली. सांगलीचे मोहन रानडे त्याच वर्षी पकडले गेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. पोर्तुगालमधली राजवट २५ एप्रिल १९७४ रोजी कोसळली. हिटलर-मुसोलिनी गेल्यावरही ती टिकली, कारण सालाझार महायुद्धात तटस्थ राहिले आणि १९४९ मध्ये पोर्तुगालला नाटो करारात संस्थापक सदस्य म्हणून जागा मिळाली. लोकशाहीची भाषा बोलणाऱ्या बड्या राष्ट्रांना ही हुकूमशाही चालत होती.

बाबासाहेबांचे निदान

फॅसिझम ऐन भरात असताना बाबासाहेब त्याकडे कसे पाहत होते? नोव्हेंबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, त्यांनी मुंबई आकाशवाणीवरून भाषण केले. भारतीय कामगाराने हे युद्ध जिंकायचेच असे का ठरवले, हा त्याचा विषय होता. नाझी विचार वंशाच्या उच्चनीचतेवर उभा असल्याने तो भारतीयांच्या स्वातंत्र्याच्या आड येतो, आणि कामगाराला स्वातंत्र्य, समता व बंधुता यांवर उभी असलेली नवी व्यवस्था हवी आहे, असे त्यांनी मांडले.

सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात ते आणखी खोलात गेले. इटली, जर्मनी, स्पेन अशा देशांत संसदीय लोकशाही का कोसळली? त्यांचे उत्तर हिटलरच्या वक्तृत्वाशी थांबत नाही. लोकशाहीने स्वातंत्र्याचा जप केला आणि समतेकडे पाठ फिरवली. कराराच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली बलवानाला दुर्बलाची पिळवणूक करू दिली. सामाजिक आणि आर्थिक लोकशाहीशिवाय राजकीय लोकशाही टिकत नाही, हे ती विसरली. आणि शासित वर्गानेही सत्ता आपल्या हाती घेण्याची दक्षता ठेवली नाही. म्हणजे ज्याचे पोट रिकामे आणि मान खाली, त्याला मताचा हक्क पोकळ वाटू लागतो, आणि मग तो हक्क काढून घेणारा आला तरी तो रडत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी दिलेले इशारे याच विचाराची पुढची पायरी आहेत: संविधानाची रीत सोडू नका, कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नका, आणि राजकीय लोकशाहीखाली सामाजिक लोकशाहीचा पाया घाला. त्याच भाषणात त्यांनी आठवण करून दिली की भिक्खू संघाला बैठक व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम माहीत होते. मरोळच्या शेजारीच कोंडिविट्याची महाकाली लेणी आहेत. तिथे फोटो काढायला जाणाऱ्या आपल्या मुलांना हेही सांगायला हवे, की असे विहार वसवणाऱ्या संघात निर्णय एका माणसाच्या इशाऱ्यावर होत नसत.

कार्यकर्त्यांसाठी चार खुणा

पहिली, कामगार संघटना. इटली असो वा जर्मनी, पहिला घाव तिथेच पडला. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. तिथे कंत्राटावर हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, डिलिव्हरी करणाऱ्या आपल्या मुलांना युनियन हा शब्दच अनोळखी आहे. संघटना मोडायला टोळी लागते असे नाही. ती कधी झालीच नाही तरी तोच परिणाम होतो.

दुसरी, शत्रू ठरवलेला समाज. जर्मनीत ज्यू लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. बेकारीचे कारण ते नव्हते, पण बेकाराचा राग त्यांच्याकडे वळवता आला. आपल्या वस्तीत शेजाऱ्याविरुद्धचा मेसेज फॉरवर्ड होतो, तेव्हा पगार, पाणी आणि घर यांचा प्रश्न कोणत्या ओळीत गायब झाला, ते शोधावे.

तिसरी, कायद्याचा जिना. मुसोलिनी आणि हिटलर दोघांनाही रीतसर नेमणूक मिळाली, दोघांनीही संसदेकडून कायदे करून घेतले. म्हणून केवळ ‘कायदेशीर आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. तो कायदा विरोधकाला उद्या बोलू देईल का, हे तपासायचे.

चौथी, आपली फूट. ही सर्वांत बोचरी आहे. नोव्हेंबर १९३२ चे आकडे पुन्हा पाहा. रिपब्लिकन पक्षाची स्थापना १९५७ साली झाली. त्याचे किती गट झाले, हे मोजायला आज बोटे पुरत नाहीत. प्रत्येक गटाकडे दुसऱ्याला गद्दार ठरवण्याची कारणे तयार आहेत, जशी जर्मनीतल्या त्या दोन पक्षांकडे होती. त्या दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते पुढे दाखाऊच्या एकाच कुंपणाआड बसले. तिथे एकत्र येण्यापेक्षा आधी एका सतरंजीवर बसणे स्वस्त पडले असते.

सगळे मतभेद मिटवा असे आमचे म्हणणे नाही. केबल स्ट्रीटवर उभ्या राहिलेल्यांतही मतभेद होते. त्यांनी एका दिवसापुरते, एका रस्त्यापुरते एकमत केले आणि ते पुरेसे ठरले. आपल्या विहारात, वाचनालयात, युवक मंडळात पुढचा अभ्यासवर्ग घ्याल तेव्हा दुसऱ्या गटाच्या चार मुलांना आवर्जून बोलवा, आणि बाबासाहेबांचे १९४३ चे भाषण त्यांच्याबरोबर मोठ्याने वाचा.